छावणीतलं नवं बिऱ्हाड



वडूजहून दहिवडीकडं, पुसेगावकडं किंवा औंधकडं जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं दिसतात. खटाव-माणची जमीन कोरडवाहू, पाऊस बेभरवशाचा. त्यामुळं फौज ही आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांची वाट आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या एका गावातले 46 जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. भरती होणाऱ्या पोराची तयारी करून घ्यायला अकॅडमी आहे, उस्ताद आहेत. पण लग्न करून त्याच्याबरोबर छावणीत राहायला जाणाऱ्या मुलीला तिथं काय असतं, हे कुणी नीट सांगत नाही. देवापुढं नारळ फोडला, ट्रंकेला कुलूप लावलं, की ती निघाली. माझा बराचसा संसार फौजी क्वार्टरमध्ये झाला. म्हणून आज या मुलींशी आणि त्यांना निरोप देणाऱ्या घरच्यांशी बोलायचं आहे.

सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगते. तुमचे यजमान तुम्हाला तिथं घेऊन जातील, पण रोज तुमच्याजवळ असतीलच असं नाही. आज गार्ड ड्युटी, उद्या एक्सरसाइज, परवा कोर्स. आठवडेच्या आठवडे तुम्ही आणि पोरं एकटी असाल. त्यामुळं ती जागा त्यांच्या ओळखीची असून भागत नाही, ती तुमच्या ओळखीची व्हायला हवी.

सुरुवात कागदांपासून करा. लग्न झालं की युनिटमध्ये त्याची नोंद होते, तिला पार्ट टू ऑर्डर म्हणतात. ही नोंद झाल्याशिवाय डिपेंडंट कार्ड मिळत नाही, आणि कार्ड नसलं की एमएचमधल्या, म्हणजे मिलिटरी हॉस्पिटलमधल्या उपचारांपासून सगळंच अडतं. आता आपल्याकडची रीत बघा. लग्नात मुलीचं नाव बदलतात. शाळेच्या दाखल्यावर सुनीता, आधारवर सुनिता, आणि फौजेच्या कागदावर सासरचं वैष्णवी. जन्मतारीख एका ठिकाणी शाळेची, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी अंदाजानं सांगितलेली. तरुणपणी हा फरक कुणाच्या ध्यानात येत नाही. पुढं पेन्शनचा किंवा वारसाचा प्रश्न निघाला, की एका वेलांटीपायी प्रतिज्ञापत्रं करत आणि रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहीत बाई मेटाकुटीला येते. असे हेलपाटे घालणाऱ्या कितीतरी बायका मी पाहिल्यात. म्हणून निघण्याआधी आधार, शाळेचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आणि फौजेतली नोंद शेजारी शेजारी ठेवा आणि अक्षर न्‌ अक्षर ताडून बघा. फरक असेल तर गावी असतानाच दुरुस्त करून घ्या. तिकडं बाळंतपण झालं, तर जन्माचा दाखला तिथल्याच नोंदणी कार्यालयातून काढा आणि बाळाचीही पार्ट टू ऑर्डर करून घ्या. बदलीनंतर तो दाखला इकडं बसून मिळवणं फार जड जातं.

आता घराचं. गेल्या गेल्या क्वार्टर मिळेल असं धरून चालू नका. जवान जास्त आणि क्वार्टर कमी, त्यामुळं यादीत नंबर लागावा लागतो. तोवर बाहेर, म्हणजे फौजी लोक म्हणतात तसं सिव्हिलमध्ये, खोली घ्यावी लागते. त्यासाठी घरभाडं भत्ता असतो. क्वार्टरचा ताबा देताना एमईएसचा, म्हणजे छावणीतल्या इमारतींची देखभाल करणाऱ्या खात्याचा, माणूस यादी घेऊन येतो. पंखे किती, दिवे किती, नळ, कड्या, खिडक्यांच्या काचा, सगळं त्यात लिहिलेलं असतं. सही यजमान करतात, पण घर वापरणार तुम्ही. तेव्हा पदर खोचून त्यांच्याबरोबर फिरा. एकेक पंखा लावून बघा, नळ सोडून बघा, काच तडकलेली असेल तर तिथल्या तिथं लिहून घ्यायला सांगा. घर सोडताना याच यादीवरून हिशेब होतो आणि मोडतोडीचे पैसे पगारातून कापले जातात. त्याला बॅरॅक डॅमेज म्हणतात.

बदली नगरला, देवळालीला, खडकीला किंवा बेळगावला झाली तर बोली आणि हवा ओळखीचीच. पण पुण्याहून सुटणाऱ्या झेलम एक्स्प्रेसनं मनमाड, भोपाळ, झाशी, दिल्ली मागं टाकत अंबाल्याला नाहीतर पठाणकोटला उतरायचं असेल, तर जाड रजई आणि पोरांचे लोकरीचे कपडे आधी बांधा. जानेवारीत तिकडं दिवस दिवस धुकं हटत नाही. आपली ज्वारी तिकडं सहजी मिळत नाही. पीठ फार नेऊ नका, बाजरीचं तर लवकर कडू होतं. थोडं पीठ, कांदा-लसूण मसाला आणि शेंगदाण्याची चटणी एवढं पुष्कळ झालं. गव्हाच्या चपातीची सवय पोरांना आधीपासून लावा.

शाळेकडं सगळ्यात जास्त लक्ष द्या. केंद्रीय विद्यालयं 1963 साली सुरू झाली ती बदलीच्या नोकरीतल्या लोकांच्या मुलांसाठीच, आणि प्रवेशात आजही त्यांना प्राधान्य असतं. आर्मी पब्लिक स्कूलही मोठ्या छावण्यांत आहेत. पण झेडपीच्या मराठी शाळेतून गेलेलं पोर तिथं एकदम हिंदी-इंग्रजीत पडतं आणि पहिले काही महिने गप्प होतं. त्याला मठ्ठ समजू नका, शेजारच्या पोराशी तुलना करू नका. बाईंना भेटून सरळ सांगा, की हा मराठीतून शिकलाय, थोडा वेळ द्या. आणि घरात मराठीच बोला. गोष्टीची पुस्तकं इथून न्या. बदल्यांच्या धबडग्यात मराठी लिहिता-वाचता न येणारी आपलीच पोरं मी पाहिली आहेत, त्याचं वाईट वाटतं.

माणसांविषयी सांगायचं, तर मराठा पलटणीत गेलात की गणपती, शिवजयंती, मंदिर परेड सगळं आपलंच. सिग्नल किंवा ईएमईसारख्या तांत्रिक शाखांत मात्र एका भिंतीपलीकडं तमिळ घर, दुसऱ्या भिंतीपलीकडं गढवाली. हिंदी मोडकी असली तरी बोला. सगळ्यांचीच मोडकी असते. वेल्फेअरच्या बैठकीला जायचं टाळू नका. आर्मी वाइव्ज वेल्फेअर असोसिएशन ही संस्था 1966 पासून फौजी बायकांसाठी काम करते. शिवण, संगणक असे वर्ग असतात. पाण्याची, दवाखान्याची, घरातल्या त्रासाची अडचणसुद्धा तिथं मांडता येते. आणखी एक आधार आपल्याच भागाचा आहे. खटाव, माण, खानापूर, आटपाडीचे गलाई बांधव, म्हणजे सोनं-चांदी गाळणारे, देशभर पसरलेत. सराफ बाजारात चौकशी करा, गावाकडचं माणूस बहुतेक भेटतंच.

एक पथ्य मात्र कडक पाळा. पलटण कधी हलणार, गाडी कुठून सुटली, यातलं काहीही स्टेटसला टाकू नका. जवानाच्या पत्त्यावर गावाचं नाव नसतं, 56 एपीओ नाहीतर 99 एपीओ असतं, ते याचसाठी. माहिती बाहेर फुटू नये म्हणूनच 2020 साली फौजेनं जवानांना 89 मोबाइल ॲप काढून टाकायला सांगितली होती. गेटवर, हत्यारांपाशी, गाड्यांपाशी फोटो काढायचा नाही. सासू-सासरे भेटायला येणार असतील तर त्यांना ओळखपत्र बरोबर आणायला सांगा आणि पासची सोय आधी करा.

आणि एक दिवस फील्ड पोस्टिंग येईल. तिथं कुटुंब नेता येत नाही. मग त्याच स्टेशनला राहायला परवानगी मिळते का बघायचं, नाहीतर वडूजला परतायचं किंवा पोरांच्या शाळेसाठी साताऱ्यात खोली करायची. हा निर्णय दोघांनी आधीच बोलून ठेवा. बँकेचं खातं दोघांच्या नावावर असू द्या. एटीएम तुम्हाला चालवता आलं पाहिजे. युनिटच्या ऑफिसचा, एमएचचा आणि शेजारणीचा नंबर कागदावर लिहून भिंतीला लावा. मोबाइल नेमका बंद पडतो तो गरजेच्या वेळी.

शेवटी घरच्या वडीलधाऱ्यांना विनंती. सुनेला प्रत्येक जत्रेला, सुगीला माघारी बोलावू नका. पोरांची शाळा बुडते आणि तिचं तिथलं बस्तान बसत नाही. तिला एकटीनं बँकेत, तहसील कचेरीत, दवाखान्यात जायची सवय तुमच्या घरातच लावा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय साताऱ्यात आहे, तिथं एकदा तिला स्वतः घेऊन जा, म्हणजे पुढं ती एकटी जाईल. पोराला भरतीसाठी घडवताना आपण जेवढी हौस दाखवतो, तेवढीच या मुलीला तयार करताना दाखवू या. तो सीमेवर निर्धास्त उभा राहतो, त्यात तिचा निम्मा वाटा आहे.

छावणीत नवं बिऱ्हाड मांडायला निघालेल्या माझ्या सगळ्या लेकींना मनापासून आशीर्वाद.