सहा निघाले, तीन परतले
(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी विषय विचारला तेव्हा मी ‘सायकलवरून जगप्रवास’ असं सांगितलं. त्यांना वाटलं, मीच जाऊन आलो की काय. तसं काही नाही. मी लोकनिर्माण विभागात उपयंत्री आहे. चार दिवसांची रजा हवी असली तरी तीन टेबलं फिरावी लागतात. हा सगळा प्रवास मी स्वयंपाकघराच्या दारामागे उभं राहून केला. तिथे जगाचा नकाशा चिकटवला, टाचण्या आणल्या, आईच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा घेतला आणि दर रविवारी दोरा थोडा पुढे सरकवत गेलो. सौ. विचारायची, “तुमचे पारशी आज कुठे पोचले?”

हे पारशी म्हणजे मुंबईतल्या बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा तरुण. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भुमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानावाला आणि नरिमन कपाडिया. १९२० साली मुंबईच्या ओव्हल मैदानावर युरोपातून पायी हिंदुस्थानात आलेल्या एका फ्रेंच माणसाचं भाषण झालं. त्यातून यांच्या डोक्यात हे खूळ शिरलं. (माझं भाषण ऐकून कोणी असं काही करील, ही भीती मला नाही.) १५ ऑक्टोबर १९२३ रोजी ते मुंबईहून निघाले आणि १८ मार्च १९२८ रोजी मुंबईत परत आले. पुढे १९३१ साली त्यांचं इंग्रजी पुस्तक आलं. त्याला प्रस्तावना पंडित नेहरूंची आहे.

एकूण अंतर सुमारे ७१,००० किलोमीटर. पृथ्वीचा विषुववृत्तावरचा घेर ४०,०७५ किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ पावणेदोन फेऱ्या. आमच्या खात्यात आकडा दिसला की भागाकार केल्याशिवाय चैन पडत नाही. साधारण १,६१६ दिवसांत ७१,००० किलोमीटर म्हणजे दिवसाला ४४. एवढंच? मीही आधी असंच म्हणालो. पण या ४४ मध्ये बोटींचे दिवस आहेत, आजारपणं आहेत, कागदपत्रांसाठी ताटकळणं आहे. बगदाद ते अलेप्पो हे वाळवंट त्यांनी २३ दिवसांत ओलांडलं. अंतर ९५६ किलोमीटर, म्हणजे रोज ४१ च्या वर. वाळू, ऊन, पाण्याची मारामार, आणि तरी वेग सरासरीच्या जवळपास! अमेरिका पूर्व किनाऱ्यापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत सुमारे पाच महिन्यांत ८,४०० किलोमीटर, म्हणजे रोज ५६. रस्ता बरा मिळाला की माणूस किती पुढे जातो ते इथे दिसतं. खात्याचा माणूस म्हणून हे वाक्य मी जरा मोठ्याने म्हणतो.

आता नकाशाची गंमत सांगतो. माझा नकाशा आजचा आणि प्रवास शंभर वर्षांपूर्वीचा, त्यामुळे दोरा पदोपदी अडायचा. इराकवर तेव्हा इंग्रजांचा अंमल होता आणि सीरियावर फ्रेंचांचा. कोरिया जपानच्या ताब्यात. व्हिएतनाम, कंबोडिया म्हणजे फ्रेंच इंडोचायना, आणि थायलंड तेव्हा सयाम. म्हणजे दर मुलुखात साहेब बदलला, भाषा बदलली, शिक्का बदलला. हे स्वतः इंग्रजांच्या राज्यातले, गुलाम देशाचे पोरगे. चीनमध्ये तर एक सरकारच नव्हतं. प्रांताप्रांताचे लष्करी सरदार आपसांत लढत होते, आणि यांना त्यातून सायकली काढायच्या होत्या. शेवटी ब्रह्मदेशात पोचले तेव्हा मला वाटलं, आता अजून एक परका देश. मग लक्षात आलं की ब्रह्मदेश १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानातच मोडत होता. कागदोपत्री ते तिथेच आपल्या मुलखात आले. मुंबई मात्र अजून हजारो किलोमीटर लांब होती.

आमच्या आईला या कशाचं कौतुक नाही. तिचा एकच प्रश्न, “त्यांच्या आया काय करत असतील रे साडेचार वर्षं?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आठवड्याला फोन नाही, व्हिडिओ नाही. २०१८ साली पुण्याची वेदांगी कुलकर्णी १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटर करून कोलकात्यात पोचली. तेव्हा ती विशीची होती. तिच्या बातम्या आपण मोबाइलवर वाचत होतो. दिवसाला १८२ किलोमीटर! मार्क ब्यूमाँट या स्कॉटिश गड्याने २०१७ मध्ये तेवढंच अंतर ७९ दिवसांच्या आत संपवलं. त्याच्यामागे मदतनिसांच्या गाड्या होत्या. ही सगळी थोर माणसं आहेत, पण माझा जीव त्या १९२३ च्या सहा जणांतच अडकला. याचं कारण मी आज सांगणार आहे. सांगायला २८ वर्षं लागली.

सहा निघाले आणि जगप्रवास करून परतले तीन. हकीम, बापासोला आणि भुमगरा. हाथीराम अमेरिकेतच राहिले. पोचखानावालांचं मन उडालं आणि तेही अर्ध्यातून घरी आले. आणि नरिमन कपाडिया सुमारे ५,००० किलोमीटर सोबत करून तेहरानहून माघारी फिरले. कारण खासगी, एवढंच सांगितलं जातं.

तेहरानला टाचणी टोचली आणि पुढचे तीन रविवार मी दोरा सरकवलाच नाही.

१९९६ साली मी पॉलिटेक्निकला दुसऱ्या वर्षाला होतो. गणपतीत मुंबईला सायकलने जायचं, अनंत चतुर्दशीची मिरवणूक बघायची आणि यायचं, असा माझा आणि माझ्या मित्राचा बेत ठरला. जुन्यांना आठवत असेल, मंडळाने आम्हाला याच मांडवात नारळ दिले होते. सहाशे किलोमीटरला जरा कमी, आग्रा-मुंबई रस्ता. पहिल्या दिवशी घाट उतरून निमाडात आलो, खलघाटला नर्मदा ओलांडली. पाऊस थांबेना. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सेंधव्याला पोचलो. दीडशे किलोमीटरच्या आसपास झाले होते. पुढे बिजासनचा घाट. रात्रभर ट्रकांचे आवाज ऐकत पडलो होतो. सकाळी उठलो आणि मला पुढे जायचं नव्हतं. पाय दुखत होते, पण ते त्याचेही दुखत होते. ताप नव्हता. भीती होती म्हणावं तर कशाची, तेही सांगता येत नव्हतं. मी त्याला म्हणालो, “तू जा.”

तो थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “घरी काय सांगशील?” मी गप्प. त्यानेच सुचवलं, “रिम वाकडी झाली सांग.”

मी ट्रकवर सायकल टाकून घरी आलो. रिम वाकडी झाली, असं घरी सांगितलं, कॉलेजात सांगितलं, या मंडळात सांगितलं. तो एकटा मुंबईला गेला, मिरवणूक बघून परत आला आणि आमच्या घरी येऊन आईला म्हणाला, “काकू, रिम फारच वाकडी झाली होती, चालणंच शक्य नव्हतं.” त्याचा सत्कार झाला. त्यात त्याने माझं नाव दोनदा घेतलं. त्यानंतर आम्ही एकत्र किती सणवार केले, मुलांच्या मुंजी केल्या, पण त्या सकाळबद्दल आजवर एक अक्षर बोललो नाही.

म्हणून कपाडिया. पाच हजार किलोमीटर, बलुचिस्तान, इराणचे डोंगर, एवढं करून तो माणूस वळला, आणि आपण म्हणतो ‘पूर्ण केलं नाही’. उरलेल्या पाचांनी त्यांना तेहरानला निरोप दिला असेल तेव्हा कोण काय बोललं असेल, हे मी त्या तीन रविवारी उभा राहून मनात घोळवत होतो. मग चौथ्या रविवारी दोरा पुढे नेला. पण त्याआधी तेहरानहून मुंबईकडे परत येणारा एक पांढरा दोरा लावला. तो अजून तिथे आहे.

यांच्यानंतरही मुंबईहून लोक निघाले. फ्रामरोज दावर १९२४ ते १९३१ या काळात सुमारे १,१०,००० किलोमीटर फिरले, सहारा आणि ॲमेझॉन धरून. केकी खरास, रुस्तम गांधी आणि रतन श्रॉफ १९३३ ला निघाले आणि १९४२ ला परतले. त्यांचा दोरा अजून लावायचा आहे. मंडळाने पुढच्या वर्षी बोलावलं तर त्यांच्याविषयी बोलीन.

आई पहिल्या रांगेत बसली आहे. आई, रिम वाकडी नव्हती.

आणि तो तिसऱ्या रांगेत, खांबाजवळ, मान खाली घालून बसला आहे. सायकल अजून आमच्या घराच्या मागच्या बोळात आहे. टायर गेले, रिम तीच आहे. रविवारी सकाळी पोहे खायला ये, फिरवून बघ.