गाडीचा वेग कोण रोखतं?



वडोदऱ्याहून अहमदाबादला द्रुतगती मार्गाने निघालात,
की गाडी वाजू लागते.
वेग 80 च्या पुढे गेला, की अधूनमधून.
120 च्या पुढे गेला, की सतत.

1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत हा इशारा सक्तीचा आहे.
पण लक्षात घ्या,
हा इशारा नुसता वाजतो.
गाडीला रोखत नाही.

रोखणारा वेगळा. तो वेगमर्यादक.
टॅक्सीत तो साधारण 80 वर लावलेला असतो.

गाडीतला छोटा संगणक वेग सतत मोजतो.
मर्यादा आली, की इंजिनाची ताकद कमी करतो.
मग ॲक्सिलरेटर कितीही दाबा,
वेग वाढत नाही.
मात्र साधा वेगमर्यादक ब्रेक लावत नाही.
उतारावर गाडी मर्यादेपुढे जाऊ शकते.

खाजगी मोटारींवरही काही कंपन्या अशी मर्यादा घालतात.
व्होल्वोने 2020 पासून नव्या गाड्या 180 वर रोखल्या.
180!
आपल्या रस्त्यांवर एवढ्या मर्यादेचा काय उपयोग?

म्हणून पुन्हा सांगते.
इशारा फक्त वाजतो.
पाय तुम्हालाच उचलायचा आहे.
आणि तो आवाज बंद करून देणारा कुणी भेटला,
तर त्याला सरळ नाही म्हणा.