ट्रॉली दिसली नाही, पट्टा दिसला

आज एक स्वतःवर आलेला प्रसंग सांगतो.

जानेवारीत रात्री सोलापूरहून तुळजापूरकडं येत होतो. शेजारी आई. समोर अचानक काळा डोंगर उभा राहिला. उसाची ट्रॉली! मागं ना लाइट, ना रिफ्लेक्टर. कचकन ब्रेक दाबला, गाडी चार-पाच फुटांवर थांबली. आई काहीच बोलली नाही.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. पण घरी आल्यावर प्रश्न पडला: एवढी मोठी ट्रॉली दिसली नाही, मग कडेचा पांढरा पट्टा लांबून कसा दिसत होता?

उत्तर आहे काचेच्या मण्यांत. पट्टा मारताना रंग ओला असतानाच त्यावर बारीक मणी टाकतात, बहुतेक मिलिमीटरपेक्षाही लहान. मणी निम्मे रंगात रुततात. हेडलाइटचा प्रकाश मण्यात शिरताना वाकतो आणि मागच्या बाजूला एकवटतो. तिथला रंग तो विखुरतो, आणि त्यातला बराचसा प्रकाश मणी आल्या वाटेनं गाडीकडंच परत पाठवतो. साध्या काचेचा अपवर्तनांक साधारण १.५, म्हणून फोकस मण्याच्या जरा मागं पडतो. तोच २ असेल तर फोकस बरोबर मण्याच्या पाठीवर येतो.

हेच शेतात बघायचंय? दव पडलेल्या गवतापुढं सकाळी सूर्याकडं पाठ करून उभे राहा. स्वतःच्या सावलीच्या डोक्याभोवती उजेड दिसेल. शेजाऱ्याच्या डोक्याभोवती नाही हं! कारण दवाचे थेंबही प्रकाश आल्या वाटेनं परत पाठवतात, आणि त्या वाटेवर आपलेच डोळे असतात.

आता धोक्याची गोष्ट. पावसात मणी पाण्याखाली बुडतात. काच आणि पाणी यांच्या अपवर्तनांकात फरक कमी, म्हणून प्रकाश कमी वाकतो, नीट एकवटत नाही. शिवाय पाण्याचा थर आरशासारखा उजेड पुढंच फेकतो. पट्टा गायब! म्हणून पावसात पट्ट्याच्या भरवशावर वेग ठेवू नका.

पुढच्या रविवारी मी गावातल्या दोन ट्रॉल्यांना मागून रिफ्लेक्टर टेप लावली. कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला रात्रभर चालत येणाऱ्यांनीही पिशवीला एक पट्टी चिकटवावी. तेवढ्यानं मागून येणाऱ्याला माणूस दिसतो.

भेटू पुढच्या भागात.