उद्याचा भूतकाळ



परकी भाषा शिकताना माणसाला शब्दांचे भय वाटते. पण खरी परीक्षा पाहतो तो काळ. शब्द कोशात सापडतात, काळ मात्र त्या भाषेच्या मनात शिरल्यावाचून हाती लागत नाही. फ्रेंच भाषेतील अशाच एका काळाविषयी आज मी बोलणार आहे. फ्रेंच वैयाकरण त्याला ‘फ्युत्यूर आंतेरिएर’, म्हणजे ‘अगोदरचा भविष्यकाळ’ म्हणतात. आपल्या शालेय व्याकरणात त्याचे नाव पूर्ण भविष्यकाळ. जे अजून घडलेले नाही, पण भविष्यातल्या एका क्षणावर उभे राहून मागे पाहिले तर घडून गेलेले दिसेल, ते सांगणारा हा काळ आहे. याला उद्याचा भूतकाळ म्हटले तरी चालेल.

नियमाआधी एक प्रसंग सांगतो. म्हैसूरच्या पश्चिमेस, कोडगूकडे जाणाऱ्या वाटेवर पिरियापट्टण नावाचे गाव आहे. १७९१ च्या मे महिन्यात या गावी मुंबईकर इंग्रजांची फौज येऊन थांबली होती. तिचा सेनापती जनरल ॲबरक्रॉम्बी मलबारातून घाट चढून कोडगूमार्गे आला होता. कॉर्नवॉलिस आपली मोठी फौज घेऊन पूर्वेकडून श्रीरंगपट्टणाशी येऊन ठेपला होता. टिपू सुलतान या दोहोंच्या मध्ये होता. उत्तरेकडून हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन मराठ्यांची फौज घेऊन येत होते. परशुरामभाऊंनी एप्रिलमध्ये धारवाड घेतले होते. तिन्ही फौजा एकत्र आल्या असत्या, तर श्रीरंगपट्टणाचा वेढा त्याच वर्षी पडला असता.

पण तसे घडले नाही. कॉर्नवॉलिसच्या छावणीत दाणा संपला, तोफा ओढणारे बैल मेले, पावसाने वाटा बुडाल्या. मराठे किती जवळ आले आहेत हे त्याला कळेना, कारण टिपूचे घोडेस्वार जासूद पुढे जाऊ देत नव्हते. अखेर त्याने पिरियापट्टणच्या फौजेला माघारी जाण्याचा हुकूम पाठविला, आपल्या हातांनी आपल्याच वेढ्याच्या तोफा फोडल्या आणि माघार घेतली. माघार सुरू झाली न झाली तोच मराठ्यांचे स्वार समोर उभे राहिले. आणि त्यांच्या बाजारात धान्याची ददात नव्हती.

आता हाच प्रसंग फ्रेंचमध्ये, पण घडण्याआधीच सांगायचा आहे असे समजा. ‘मराठे येतील तेव्हा फौज निघून गेलेली असेल.’ फ्रेंच माणूस म्हणेल : ‘काँ ले मारात आरिव्हरों, लार्मे सरा पार्ती.’ येणेही भविष्यातले, निघून जाणेही भविष्यातलेच. पण निघून जाणे अगोदरचे. या अगोदरपणासाठी फ्रेंचने वेगळे रूप राखून ठेवले आहे.

हे रूप बनविणे अवघड नाही. त्याचे दोन भाग असतात : साहाय्यक क्रियापदाचा साधा भविष्यकाळ आणि मुख्य क्रियापदाचे भूतकालवाचक धातुसाधित. साहाय्यक क्रियापदे दोन. ‘आव्हवार’ म्हणजे जवळ असणे, आणि ‘एत्र’ म्हणजे असणे. पहिल्याची रूपे अशी : झोरे, तू ओरा, इल ओरा, नूज़ोरों, वूज़ोरे, इलज़ोरों. दुसऱ्याची अशी : झ सरे, तू सरा, इल सरा, नू सरों, वू सरे, इल सरों. यापुढे धातुसाधित ठेवले की झाले. ‘पार्ले’ म्हणजे बोललेले, ‘फिनी’ म्हणजे संपविलेले, ‘पेर्द्यू’ म्हणजे गमावलेले. ‘झोरे फिनी’ म्हणजे मी संपविलेले असेल. ‘व्ह्यू’ म्हणजे पाहिलेले, ‘प्री’ म्हणजे घेतलेले, अशी काही अनियमित रूपे मात्र पाठच करावी लागतात.

दोन साहाय्यकांपैकी कोणते कोठे घ्यावे, याबाबत मराठी श्रोत्याला एक सोय आहे. आपण ‘तो गेला असेल’ म्हणतो, पण ‘त्याने खाल्ले असेल’ म्हणतो. कर्म घेणाऱ्या क्रियापदाने कर्त्याला ‘ने’ लावण्याची आपली रीत आहे. फ्रेंचही येथे दोन वाटा करते : ‘इल सरा आले’ म्हणजे तो गेला असेल, ‘इल ओरा मांझे’ म्हणजे त्याने खाल्ले असेल. मात्र हे साम्य शेवटपर्यंत ताणू नये. जाणे, येणे, निघणे, पोचणे, जन्मणे, मरणे, पडणे, राहणे अशी मोजकी क्रियापदे आणि स्वतःकडे वळणारी आत्मवाचक क्रियापदे ‘एत्र’ घेतात. झोपणे आणि धावणे यांना कर्म नाही, तरी ती ‘आव्हवार’च्या गोटात आहेत. शिवाय एकच क्रियापद गोट बदलते. प्रवासी जिना उतरून खाली आला असेल तर ‘एत्र’. हमालाने सामान खाली उतरविले असेल तर ‘आव्हवार’. आपण उतरणे आणि उतरविणे अशी दोन क्रियापदे करतो. फ्रेंच तेच काम साहाय्यक बदलून करते.

‘एत्र’ आले की धातुसाधित कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. फौज हा शब्द फ्रेंचमध्येही स्त्रीलिंगी आहे, म्हणून ‘पार्ती’ लिहिताना शेवटी एक अक्षर अधिक पडते. गंमत अशी, की ते ऐकू येत नाही. आपल्या ‘गेला’, ‘गेली’, ‘गेले’ यांतला भेद कानाला कळतो. तेथला पुष्कळदा डोळ्यालाच कळतो. तेव्हा या काळाचा अभ्यास कानाबरोबर हाताने, लिहून, करणे बरे.

आता उपयोगाकडे वळू. आपला शेतकरी म्हणतो, ‘पाऊस पडला की पेरणी करू.’ पाऊस अजून पडलेला नाही, तरी आपण बिनदिक्कत भूतकाळ वापरतो. पिरियापट्टणचा रागी-तंबाखू पिकविणारा कानडी शेतकरीही ‘मळे बंद मेले’, म्हणजे ‘पाऊस आल्यावर’, असे म्हणून भूतकालीन धातुसाधितावरच भागवितो. फ्रेंचला हे चालत नाही. ‘काँतील ओरा प्ल्यू, नू सेमरों’ : पाऊस पडलेला असेल तेव्हा आम्ही पेरू. ‘काँ’ म्हणजे जेव्हा, ‘दे क’ म्हणजे होताच. असे शब्द आले आणि मुख्य वाक्य भविष्यातले असले, की अगोदरच्या क्रियेला पूर्ण भविष्यकाळ हवा. पिरियापट्टणच्या सेनापतीविषयी बोलायचे तर, ‘दे कील ओरा रस्यू लोर्द्र, इल पार्तिरा’, म्हणजे हुकूम मिळताच तो निघेल. मराठी मनाने विचार करणारा विद्यार्थी येथे हमखास भूतकाळ घालतो आणि ऐकणाऱ्याला वाटते, हुकूम मिळूनही गेला! दोन फौजांच्या भेटीवर राज्याचे भवितव्य अवलंबून असताना हा फरक लहान नव्हे.

दुसरा उपयोग आपल्याला घरचाच वाटेल. पाहुणा वेळेवर आला नाही, की आपण म्हणतो, ‘त्याची गाडी चुकली असेल.’ हा काही भविष्यकाळ नव्हे. तो घडून गेलेल्या गोष्टीविषयीचा तर्क आहे. फ्रेंच माणूसही नेमके हेच करतो : ‘इल ओरा मांके सों त्राँ.’ छावणीत बसून मराठ्यांच्या बातमीची वाट पाहणाऱ्याच्या मनात आले असेल, ‘ले मेसाझे ओरों एते प्री’, म्हणजे जासूद पकडले गेले असतील. एकमेकांपासून इतक्या दूर वाढलेल्या या दोन भाषांनी न दिसलेल्या भूतकाळासाठी भविष्याचेच रूप निवडावे, हे विचार करण्याजोगे आहे. जे पाहिले नाही ते मागचे असो की पुढचे, मनाला ते सारखेच अंधारात असते.

मात्र एक सावधगिरी हवी. ‘जर तो आला असेल, तर सांगा’ या वाक्यातील ‘असेल’ पाहून फ्रेंचमध्ये ‘सरा’ घालू नये. ‘जर’ या अर्थीच्या ‘सी’नंतर फ्रेंच भविष्यकाळ येऊ देत नाही, तेथे ‘तो आला आहे’ असेच रूप येते.

हा व्यवहार एकतर्फी नाही. झ्यूल ब्लॉक या फ्रेंच पंडिताने मराठीच्या घडणीवर लिहिलेला ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला आणि वा. गो. परांजपे यांनी तो १९४१ मध्ये मराठीत आणला. आपली भाषा कशी घडली हे दुसऱ्याने इतक्या आस्थेने पाहिले. तेव्हा त्याच्या भाषेतला एखादा काळ आपण नीट ओळखून घ्यावा, हे उचितच आहे.

इतिहासकार पिरियापट्टणच्या प्रसंगाविषयी ‘असे झाले’ एवढेच म्हणू शकतो. पण जो पुढचा बेत आखतो, त्याला ‘मी पोचेन तेव्हा काय होऊन गेलेले असेल’ हे आधीच विचारावे लागते. कॉर्नवॉलिसला पुढच्या वर्षी, १७९२ मध्ये, श्रीरंगपट्टणावर पुन्हा यावे लागले, आणि या वेळी फौजा एकत्र आल्या. व्याकरणातील हा काळ आपल्याला तोच प्रश्न वेळेवर विचारायला शिकवितो.