समुपदेशकाने कोर्टात काय सांगावं



भंडारा, मोहाडी, तुमसर, लाखनी, साकोली, लाखांदूर आणि पवनी या सातही तालुक्यांत मनाच्या आजारांवर काम करणाऱ्या कुणाच्याही हाती आज ना उद्या कोर्टाचं समन्स पडतंच. त्या दिवशी साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहून आपण कोण म्हणून बोलणार, हा प्रश्न मला आज आपल्यापुढे ठेवायचा आहे.

समजा, आश्रमशाळेतली बारा वर्षांची एक मुलगी आपल्याकडे येते. झोप लागत नाही, जेवण जात नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत ती ओळखीच्या एका माणसाचं नाव घेते. अशा वेळी आपण तिच्यावर विश्वास ठेवतो. तारीख-वार विचारत नाही, बोलण्यातली विसंगती दाखवत नाही. तिची भीती कमी व्हावी हेच त्या वेळी आपलं काम असतं, आणि ते तसंच असायला हवं. पुढे खटला उभा राहतो. सरकारी वकील विचारतात, ‘मॅडम, मुलगी खरं बोलते असं तज्ज्ञ म्हणून तुमचं मत आहे ना?’ आपल्या तोंडून ‘हो’ निघून जातं. मग बचाव पक्षाचा वकील उठतो. आरोपीला तुम्ही कधी भेटलात का? दुसरी काही शक्यता तपासली का? कोणता प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला, याची नोंद आहे का? प्रामाणिक उत्तर तिन्ही वेळा ‘नाही’ असंच असतं. उपचारात या गोष्टी करायच्याच नसतात. पण न्यायाधीशांपुढे ती उणीव ठरते, आणि मुलीची खरी तक्रार आपल्याच साक्षीमुळे लंगडी पडते.

न्यायालयासाठी तपासणी करणाऱ्याची शिस्तच वेगळी आहे. त्याला शंका घ्यावी लागते. सुचवणारे प्रश्न टाळावे लागतात, कारण मुलाला तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला तर त्याची आठवणच बदलू शकते. मूल झाडीबोलीत बोललं तर झाडीबोलीत, गोंडीत बोललं तर गोंडीत, जसंच्या तसं उतरवून घ्यावं लागतं. प्रमाण मराठीत सरळ-सोट करून लिहिलेला जबाब वाचायला सोपा असतो, पण मुलाचा राहत नाही. अमेरिकेत १९९७ साली स्टुअर्ट ग्रीनबर्ग आणि डॅनियल शुमन यांनी या दोन भूमिकांमधला विरोध मिटवता न येणारा आहे, अशी मांडणी केली. माझंही मत तेच आहे, आणि आपल्यासारख्या जिल्ह्यात ते अधिकच लागू पडतं. इथं तज्ज्ञ इतके थोडे असतात की सकाळी उपचार करणारा आणि दुपारी अहवाल लिहिणारा माणूस एकच असतो.

कायद्यानेही आपली अडचण सोडवलेली नाही. २००८ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२८ मध्ये एक पोटकलम आलं. तेच आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६७ मध्ये आहे. आरोपीची मानसिक स्थिती ठीक नाही असं सिव्हिल सर्जनला आढळलं, तर आरोपीला मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडे काळजी आणि उपचारासाठी पाठवायचं, आणि त्याच तज्ज्ञाने दंडाधिकाऱ्यांना आरोपीच्या मनाची स्थिती कळवायची. काळजी घेणं आणि कळवणं, दोन्ही एकाच माणसाच्या हाती! आरोपीने काय समजावं? समोर बसलेली व्यक्ती त्याची आहे की सरकारची? याउलट २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याचं कलम १०५ पाहा. मानसिक आजाराच्या पुराव्याला समोरच्या पक्षाने आव्हान दिलं, तर न्यायालयाने ते प्रकरण मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे पाठवायचं असतं. उपचार करणाऱ्याच्या शब्दावर निकाल टेकवायचा नाही, ही समज त्या कलमात आहे. ती फौजदारी कायद्यातही यायला हवी.

आता गुप्ततेबद्दल. मानसिक आरोग्यसेवा कायद्याचंच कलम २३ रुग्णाला गुप्ततेचा हक्क देतं, पण अपवादांसह. पुराव्याच्या कायद्यात वकील आणि पक्षकार यांच्यातल्या बोलण्याला संरक्षण आहे. डॉक्टर किंवा मानसशास्त्रज्ञाला तसं कवच नाही. पोक्सो कायद्याचं कलम १९ तर मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाला ती कळवायला लावतं. समुपदेशकाला सूट नाही, आणि न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरीही पहिल्या भेटीत मुलांना सर्रास सांगितलं जातं, ‘तू मला काहीही सांग, मी कुणालाच सांगणार नाही.’ हे वाक्य खोटं आहे. मुलाशी अन्यायाने वागलेल्या मोठ्यांच्या यादीत ते आणखी एका मोठ्या माणसाचं नाव घालतं. काय गुप्त राहील, काय राहणार नाही आणि कोण विचारू शकेल, हे मुलाने तोंड उघडण्याआधी, त्याला कळेल अशा भाषेत सांगायला हवं. त्यामुळे एखादं मूल गप्प बसेल हे मला मान्य आहे. ती किंमत मोठी आहे. तरी फसवून बोलतं केलेल्या मुलाचं नुकसान मला त्याहून मोठं वाटतं.

निरीक्षणगृहातला प्रश्न याहून अवघड आहे. बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम १५ प्रमाणे सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याची प्राथमिक चाचपणी होते आणि त्यावर त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवायचा की नाही हे ठरतं. बाल न्याय मंडळावर बालमानसशास्त्राची पदवी असलेली व्यवसाय करणारी व्यक्ती नसेल तर तज्ज्ञांची मदत घेणं बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितलं. निकाल योग्यच आहे. पण ही मदत कोणाकडून घ्यायची? आठवडाभर ज्याने त्या मुलाला रडू दिलं, ज्याच्यापाशी तो मन मोकळं करून बोलला, त्याच समुपदेशकाकडून घेतली, तर दिलाशाच्या खोलीत बोललेलं त्याच्याच विरुद्ध जाईल. अशा वेळी आपण लेखी नकार द्यायला हवा.

मुलाच्या ताब्याच्या भांडणात हाच प्रश्न रोज येतो. आई मुलाला उपचाराला आणते आणि वकील ‘मुलाला वडिलांकडे पाठवू नये’ असं सर्टिफिकेट मागतो. ज्या वडिलांना आपण पाहिलंही नाही, त्यांच्याविषयी आपण एक ओळही लिहू नये. ताब्याच्या प्रकरणात समुपदेशकाचा अहवाल न्यायालय वाचू शकतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं आहे. त्यामुळे ती ओळ कागदावरच राहील, या भ्रमात कुणी राहू नये.

भंडाऱ्यात उभं राहून खैरलांजीचं नाव न घेता या विषयावर बोलणं मला शक्य नाही. २९ सप्टेंबर २००६ ला मोहाडी तालुक्यातल्या त्या गावात भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका आणि मुलगे रोशन व सुधीर यांची हत्या झाली. २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने सहा जणांना फाशी सुनावली. २०१० मध्ये नागपूर खंडपीठाने ती पंचवीस वर्षांच्या कैदेत बदलली. भैयालाल जानेवारी २०१७ मध्ये गेले. सारं कुटुंब गमावलेला माणूसच खटल्याचा साक्षीदारही असतो, तेव्हा त्याच्या दुःखावर दोन हक्क सांगितले जातात: उपचाराचा आणि पुराव्याचा. खटला वर्षानुवर्षं चालतो, आणि ‘साक्ष होईपर्यंत थांबू’ असं उपचाराला म्हणता येत नाही. म्हणून अशा माणसाजवळ किमान एक व्यक्ती अशी हवी, जिच्या वहीशी कोर्टाचा काही संबंध नसेल.

उपचार करणाऱ्याने कोर्टात जाऊच नये, असं माझं म्हणणं नाही. समन्स आलं तर जावं. आपण काय पाहिलं, काय ऐकलं, कोणता उपचार केला आणि त्याचा काय परिणाम झाला, एवढं सांगावं. खरं कोण, दोषी कोण, मूल कुणाकडे राहावं, हे विचारलं तर ‘ही तपासणी मी केलेली नाही’ असं म्हणावं आणि तिथंच थांबावं.

तज्ज्ञच नाहीत तर तपासणी कोण करणार, असं आपण विचाराल. १९९९ पर्यंत गोंदिया आपल्याच जिल्ह्यात होता, आणि नागपूर साठेक किलोमीटरवर आहे. भंडाऱ्यात उपचार घेणाऱ्याची तपासणी गोंदियाच्या किंवा नागपूरच्या तज्ज्ञाने करावी आणि तिकडची आपण करावी, अशी देवाणघेवाण जिल्हा विधी सेवा प्राधिकरणांच्या मदतीने उभी करता येईल. तसा ठराव दुपारच्या सत्रात मांडते आहे. प्रवासखर्च कुणी द्यायचा आणि तातडीच्या प्रकरणात किती दिवसांत तज्ज्ञ मिळायला हवा, हे दोन मुद्दे त्यात अजून मोकळे आहेत. त्यावरच्या आपल्या सूचना जेवणाच्या सुट्टीआधी लेखी द्याव्यात.