औषधयोजना, विद्यार्थी आणि यंत्र

वसईच्या एखाद्या घरांत रात्रीं अकरा वाजतां लहानग्याला ताप भरतो. पॅरासिटामॉल घरांत असतें. पण तें दोन बाटल्यांत. थोरल्या भावंडासाठीं आणलेल्या पातळ औषधाच्या ५ मिलिलिटरमध्यें १२० मिलिग्रॅम द्रव्य असतें, तर थेंबांच्या बाटलींत एकाच मिलिलिटरमध्यें १०० मिलिग्रॅम. मुलाचें वजन १० किलो आणि दर किलोस १५ मिलिग्रॅम हें प्रमाण धरलें, तर मात्रा होते १५० मिलिग्रॅम. म्हणजे पातळ औषध सव्वासहा मिलिलिटर, किंवा थेंबांचें औषध दीड मिलिलिटर. सव्वासहा मिलिलिटर जर थेंबांच्या बाटलींतून दिलें गेलें, तर मात्रा चौपटीहून अधिक होते. चिठ्ठीवर औषधाचें नांव आणि ‘मिलिलिटर’ एवढेंच लिहिलेलें असेल, तर या चुकीचा दोष आईकडे जात नाहीं.

ही आंकडेमोड केवळ समजुतीसाठीं. प्रत्यक्ष मात्रा डॉक्टरांनींच ठरवावयाची. परंतु संगणक आणि भ्रमणध्वनि यांच्या साहाय्यानें वैद्यकीय विद्यार्थ्याला औषधयोजना कशी शिकवावी, हा प्रश्न या दोन बाटल्यांपाशींच येऊन ठेपतो. वजन सांगतांच यंत्र १५० मिलिग्रॅम हें उत्तर क्षणांत देतें, आणि तें बरोबरहि असतें. पण फडताळांत कोणती बाटली आहे, हें त्याला कोणी सांगितल्यावांचून कळत नाहीं. तें विचारणें हें माणसाचें काम होय.

हा धडा नवा नाहीं. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत एडवर्ड शॉर्टलिफ यांनीं ‘मायसिन’ नांवाची संगणक-प्रणाली रचली. जंतुसंसर्गावर कोणतें प्रतिजैविक द्यावें, याचा सल्ला ती शेंकडों नियमांच्या आधारें देत असे. रुग्णशय्येपाशीं तिचा नित्य वापर कधींच झाला नाहीं. तरी तिच्यापासून विद्यार्थ्यांना शिकवावें, अशी कल्पना निघाली, आणि विल्यम क्लॅन्सी यांनीं त्या नियमांवर ‘गायडन’ ही शिकविणारी प्रणाली उभारली. तेव्हां एक उणीव उघडकीस आली. आठ वर्षांखालील मुलास टेट्रासायक्लिन देऊं नये, हें यंत्राला ठाऊक होतें. कां देऊं नये, हें त्या नियमांत नव्हतें. तें औषध कॅल्शियमशीं बांधलें जाऊन वाढत्या दांतांत बसतें आणि दांतांना कायमचा डाग पडतो, हें कारण नियम रचणाऱ्यांच्या मनांतच राहिलें होतें. उत्तर देण्यास नियम पुरतो. शिकण्यास कारण लागतें. कारण जाणणाऱ्यालाच अपवाद केव्हां करावा हें कळतें.

जागतिक आरोग्य संघटनेनें १९९४ सालीं काढलेल्या मार्गदर्शिकेंत औषधयोजनेच्या सहा पायऱ्या सांगितल्या आहेत: रुग्णाची अडचण निश्चित करावी, उपचाराचा हेतु ठरवावा, निवडलेलें औषध याच रुग्णास योग्य आहे काय तें पाहावें, औषध लिहावें, रुग्णास सूचना द्याव्या, आणि परिणामावर लक्ष ठेवावें. यंत्राची मोठी मदत तिसऱ्या पायरीवर होते. पहिल्या दोन पायऱ्या चुकल्या, तर तीच मदत चुकीच्या औषधाची अचूक मात्रा काढून देते.

वसई-विरारचीं असंख्य माणसें लोकलनें मुंबईस जातात, आणि त्यांच्या प्रकृतीचे कागदहि दोन ठिकाणीं विखुरतात. हृदयाची झडप बदललेला एखादा गृहस्थ मुंबईच्या रुग्णालयाच्या सल्ल्यानें रक्त गोठूं न देणारें वॉर्फरिन घेतो, आणि लघवीची जळजळ होऊं लागली कीं घराजवळच्या दवाखान्यांत जातो. तेथें को-ट्रायमॉक्सॅझोल मिळालें, तर यकृतांतील वॉर्फरिनचा निचरा मंदावतो आणि रक्तस्रावाचा धोका वाढतो. हें वैर यंत्राला पाठ असतें. मात्र दोन्हीं नांवें त्याच्यापुढें आलीं तरच. उलट, यंत्र क्षुल्लक इशारेहि इतके देऊं लागतें कीं खरा इशारा त्यांत वाहून जातो, आणि वाचणारा न वाचतांच पुढें सरकण्यास शिकतो.

म्हणून विद्यार्थ्यानें आधीं स्वतःची योजना कागदावर लिहावी, मग यंत्रास विचारावें, आणि फरक आढळल्यास त्याचें कारण शिक्षकांपुढें मांडावें, हा क्रम हितावह होय. भारतांत २०१९ पासून लागू झालेल्या वैद्यकीय अभ्यासक्रमांत औषधांचे रक्तदाबावरील परिणाम संगणकावर दाखविण्याचा पाठ आहे. तेथें चूक झाली तरी कोणाचा जीव जात नाहीं. आणि चुकून शिकण्याची जागा तीच.

जबाबदारी कोणाची, हेंहि स्पष्ट झालें आहे. २५ मार्च २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रणेस रुग्णाला औषध लिहून देण्याची मुभा नाहीं. ती डॉक्टरांस साहाय्य करूं शकते, पण अखेरची चिठ्ठी नोंदणीकृत डॉक्टरांनींच द्यावयाची आहे.

घरांतील माणसांचाहि यांत वांटा आहे. डॉक्टरांकडे जातांना चालू असलेलीं सर्व औषधें, काढे आणि चूर्णें यांसह, एका पिशवींत घालून न्यावीं; आणि मात्रा ऐकतांना ती कोणत्या बाटलीची व कोणत्या मापानें, हें विचारून घ्यावें. त्या पिशवींत जें असतें, तें कोणी सांगितल्याखेरीज कोणत्याहि यंत्राला कळत नाहीं.