अध्यक्षीय भाषण : प्रवाहाच्या उताराचे कारण



अध्यक्षाने शास्त्राचा आढावा घ्यावा हा शिरस्ता आहे, आणि कॅडॅनॉफ यांनी १९६६ मध्ये स्पिनांचे गट बांधले तेथपासून विल्सन यांच्या १९८२ च्या नोबेल पारितोषिकापर्यंतची हकीकत सांगून मला तो पाळता आला असता. परंतु एक तक्रार अनेक वर्षे मनात साचली आहे, आणि तिची दाद मागण्यास याहून योग्य व्यासपीठ मला मिळणार नाही.

झामोलोद्चिकोव यांनी १९८६ मध्ये सिद्ध केले की, द्विमितीय क्षेत्रसिद्धांतात सूक्ष्म अंतरांकडून स्थूल अंतरांकडे नेणाऱ्या प्रवाहात एक राशी कधीच वाढत नाही, आणि स्थिर बिंदूंवर ती केंद्रीय प्रभाराइतकी असते. म्हणूनच त्रिक्रांतिक आयसिंग प्रतिमानाच्या ७/१० वरून साध्या आयसिंगच्या १/२ कडे प्रवाह जातो, उलटा येत नाही. याचे कारण विचारले की आपल्याकडे ठराविक जबाब मिळतो : तपशील पुसला, माहिती गेली, म्हणून प्रभार घटला. हा जबाब नुसता अपुरा नाही, तो चुकीचा आहे.

एका तोंडी परीक्षेत हाच प्रश्न निघाला असता, एका विद्यार्थिनीने वस्तुमानयुक्त स्वतंत्र मायोराना फर्मिऑन घेऊन ऊर्जा-संवेग प्रदिशाच्या ट्रेसचा सहसंबंध फळ्यावर मांडला. त्यात पहिल्या व शून्याव्या क्रमाच्या सुधारित बेसेल फलनांच्या वर्गांची वजाबाकी येते. पहिले फलन सर्वत्र मोठे, म्हणून वजाबाकी सर्वत्र धन. तिला अंतराच्या वर्गाने गुणून, योग्य गुणकासह, साऱ्या प्रतलावर संकलन केले की नेमके १/२ हाती येते, म्हणजे प्रवाहात घटलेला फर्मिऑनचा सगळा प्रभार; घट येते ती या धनतेमुळे. परीक्षकांनी ‘माहिती’ हा शब्द आला नाही म्हणून तिचे गुण कापले. तो अन्याय मी आजही विसरलेलो नाही.

त्या परीक्षकांना ली-यांग प्रतिमान दाखवावयास हवे होते. तेथे प्रभार −२२/५ आहे, आणि वस्तुमान देणारा विक्षोभ घातला की प्रवाह शून्याला पोचतो, म्हणजे प्रभार चढतो. तपशील तेथेही पुसला जातोच! फरक एवढाच की, संभाव्यता धन असण्याची अट तेथे मोडलेली आहे, म्हणून ट्रेसचा तो सहसंबंध ऋण निघतो.

चार मितींत ‘ए’ नावाचा गुणांक असाच घटतो, हे कार्डी यांनी १९८८ मध्ये केलेले अनुमान कोमारगोड्स्की व श्विमर यांनी २०११ मध्ये सिद्ध केले, तेही प्रकीर्णनाच्या धनतेवरच. तीन रंगांच्या, वस्तुमानहीन अशा दोन जातींच्या क्वार्कांचा ‘ए’ हा गुणांक, एका अदिश क्षेत्राचा एक धरल्यास, ५६२ वरून तीन पायॉनांच्या ३ वर येतो; पण त्याच मितींतील दुसरा गुणांक, ‘सी’, असा कोणताही नियम पाळत नाही. पुसणे हेच कारण असते, तर तो का सुटला? एन्ट्रॉपी म्हणजे माहितीच, असे म्हणून कासिनी व वेर्ता यांनी द्विमितीय प्रमेयाच्या दिलेल्या एन्ट्रॉपीवरील सिद्धतेचा दाखला मला कोणी देईल. तीत चालते ती एक नेमकी असमानता, आणि तीही धन संभाव्यतेवाचून उभी राहत नाही.

परीक्षक बंधुभगिनींना माझी एकच विनंती आहे : विद्यार्थ्याला घोषवाक्य विचारू नका, असमानता कोठून आली ते विचारा.